पोचेपर्यंत झाडू नये

कळवणहून आलेल्या पत्राला खंडेरावांनी उत्तर दिलं नव्हतं. पुढे घरात जे झालं त्याची सुरुवात तिथे होती, असं त्यांच्या पत्नी नवसाबाईंचं म्हणणं होतं. खंडेरावांचंही तेच म्हणणं होतं, फक्त त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

पत्र साधं होतं. कळवणच्या यादवरावांनी ते लिहिलं होतं. त्यांची नात भाग्यश्री आणि खंडेरावांचा नातू महेश यांचं बघणं एका नातेवाइकाच्या घरी झालं होतं आणि दोघांची पसंती होती. आता मुलीकडची माणसं मुलाचं घर बघायला येणार होती. यादवराव निवृत्त शिक्षक. लग्नाच्या गोष्टी फोनवर करू नयेत, असं त्यांचं ठाम मत होतं, कारण फोनवर माणूस काहीही बोलतो. म्हणून त्यांनी निळ्या अंतर्देशीय पत्रावर लिहिलं होतं : 'पुढील महिन्यातील दुसऱ्या रविवारी सायंकाळी पाचच्या सुमारास येण्याचे योजिले आहे. अडचण असल्यास उलट टपाली कळवावे. न कळविल्यास आपली संमती आहे असे समजून येऊ.'

अडचण होती. आदल्याच दिवशी महेशची धाकटी बहीण पल्लवी शिकायला व्हँकुव्हरला निघणार होती. एवढंच कळवायचं होतं. खंडेरावांची उभी नोकरी एका वाचनालयात गेली होती, शब्दांची त्यांना वाण नव्हती, आणि घोटाळा तिथेच झाला. 'कळविण्यास खेद होतो' असं लिहिलं तर ते नोकरीचा अर्ज फेटाळल्यासारखं वाटलं. 'आपण त्या दिवशी येऊ नये' हे उद्धट वाटलं. 'आपण अवश्य यावे, परंतु' इथपर्यंत एक मसुदा पोचला आणि 'परंतु'पाशी थांबला. शेवटी आपलं मराठीच कच्चं आहे असं ठरवून त्यांनी पत्र एका जाड कोशात ठेवलं. घरात कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर 'अजून लिहिलं नाही?' असं कुणीतरी विचारलं असतं.

महेश बत्तीस वर्षांचा होता. नाशिकच्या अंबड भागात एका कारखान्यात होता. याआधी त्याची चार स्थळं मोडली होती. एका मुलीला फ्लॅट हवा होता, एकीला घरातला भाजीचा धंदा नको होता, उरलेल्या दोघींकडून 'कळवतो' एवढाच निरोप आला होता. भाग्यश्रीला भेटल्यापासून तो मोटारसायकल पुसताना शीळ घालायचा. घरात सगळ्यांना ती ऐकू यायची, पण त्यावर कुणी काही बोलत नव्हतं.

शनिवारी दुपारी नाशिकलगतच्या मखमलाबादच्या त्या घरात पल्लवीला निरोप द्यायला निम्मी आळी लोटली. सगळी भाजी आणि फुलं पिकवणारी माणसं, त्यामुळे जो आला तो झेंडू घेऊन आला. पल्लवीच्या गळ्यात हार पडत होते, ती ते काढून खुर्चीवर ठेवत होती आणि पोरं त्या खुर्चीवर बसत होती. बॅग तोलायला भाजीचा काटा पडवीत टांगला होता. वजन जास्त भरलं. बैठकीतच बॅग उघडून डिंकाचे लाडू बाहेर काढले, पुन्हा वजन जास्त भरलं, मग तिळाची चटणी काढली. या धांदलीत मुरमुऱ्यांची पिशवी फाटली. लॅपटॉपच्या खोक्यातला थर्माकोल कुणीतरी पायाखाली घेतला आणि त्याचे पांढरे दाणे घरभर झाले. शेवटी एका पोराने दही-साखरेची वाटी लवंडली. गाडी निघून गेली तेव्हा बैठकीतली फरशी कुठल्या रंगाची आहे हे आठवून सांगावं लागलं असतं.

सुनेने, म्हणजे पल्लवीच्या आईने शुभांगीने, सवयीने झाडू उचलला.

"ठेव तो खाली," नवसाबाई म्हणाल्या. "पोर आत्ता उंबरा वलांडून गेली आन् लगीच झाडायला निघालीस? ती पोचेपर्यंत झाडू नाय लावायचा."

घरची रीतच तशी होती. गावाला निघालेलं माणूस मुक्कामी पोचल्याशिवाय मागे घर झाडायचं नाही. नवसाबाईंच्या धाकट्या दिराने एकदा लासलगावला कांदा नेला तेव्हा जावेने मागोमाग अंगण झाडलं, आणि निफाडच्या अलीकडे ट्रॅक्टर कलंडला. माणूस वाचला, कांदा गेला. त्या दिवसापासून या बाबतीत घरात दुसरं मत नव्हतं. आजवर त्याची अडचणही झाली नव्हती. या घरातली माणसं लासलगावला जात, फार तर पुण्याला जात. तेवढा वेळ कचरा थांबायचा.

"पण आई, पल्लवी म्हणत होती, सगळं धरून दीड दिवस तरी जातो," शुभांगी म्हणाली.

"दीड दिवस? इमानाला?" नवसाबाई खंडेरावांकडे वळल्या. "अहो, तुम्ही सांगा. एवढी बुकं वाचली. किती लांब हाय ते गाव?"

खंडेरावांना रविवारचे पाच आठवले. पाचच्या आत घर झाडून व्हायला हवं होतं, आणि हे घरात फक्त त्यांना माहीत होतं.

त्यांनी पृथ्वीचा गोल आणला. वाचनालयाने तो मोडीत काढला तेव्हा त्यांनी घरी आणला होता. त्यावरचे काही देश आता जगात नव्हते, पण मुंबई आणि व्हँकुव्हर जागच्या जागी होती. नवसाबाईंकडून हाराचा दोरा घेऊन त्यांनी एक टोक मुंबईवर धरलं आणि दुसरं व्हँकुव्हरवर ताणलं. दोरा रशियावर चढला, उत्तर ध्रुवाच्या जवळून गेला आणि पलीकडून कॅनडात उतरला.

"हे वरून कुठं चाललं?" नवसाबाईंनी विचारलं.

"सरळ रस्ता हाच आहे. सपाट नकाशात तो दिसत नाही."

दोरा मोजला, गुणाकार केला. बारा हजार किलोमीटरच्या थोडं वर. विमानाचा वेग ताशी नऊशे, हे कोशात होतं. विमान मध्यरात्रीनंतर दोनला उडणार होतं.

"उद्या दुपारी साडेतीनला पोचेल."

"नक्की?"

एरवी खंडेराव 'बहुधा' म्हणाले असते. त्यांच्या तोंडी तोच शब्द असे. आज त्यांच्याकडे दोरा होता, कोश होता आणि दुसरा इलाज नव्हता.

"नक्की," ते म्हणाले.

सगळ्या संसारात हा शब्द त्यांनी फारसा वापरला नसल्यामुळे नवसाबाईंवर त्याचा परिणाम झाला. झाडू दाराआड गेला.

रविवारी सकाळी महेश आणि त्याचे वडील भारत पल्लवीला विमानतळावर सोडून परत आले. भारत गाडी चालवून थकला होता. तो आतल्या खोलीत जाऊन झोपला आणि या गोष्टीत पुढे फारसा जागा झाला नाही.

दुपारी सगळे जेवायला बसले असताना शुभांगीचा फोन वाजला. तिने मेसेज वाचून दाखवला : "लंडनला उतरले. इथे चार तास आहेत. मग पुढचं विमान."

खंडेरावांचा घास हातातच राहिला. "लंडनला? लंडनला कशाला उतरली?"

"विमान बदलायचं असतं, आबा," महेश म्हणाला. "ती सांगत होती की."

"पण लंडन वाटेत नाही. दोरा तिकडून गेलाच नव्हता."

"मंग तो दोरा इमानवाल्याला द्यायचा व्हता," नवसाबाई म्हणाल्या.

"म्हणजे साडेतीनला नाही पोचणार?" खंडेरावांनी विचारलं.

"आपल्या वेळेने उद्या पहाटे पोचेल," शुभांगी म्हणाली. "मग तिथून तिच्या खोलीवर. एवढं काय झालं आबा? कचरा आहे तो, पळून नाही जाणार."

खंडेरावांनी घास ताटात ठेवला. ज्या आवाजात ते वाचकांना 'वेळ संपली' म्हणत असत त्याच आवाजात ते म्हणाले, "आज पाच वाजता कळवणची माणसं घर बघायला येणार आहेत."

 मुंग्यांची एक रांग डिंकाच्या लाडवाचा चुरा घेऊन देव्हाऱ्याच्या दिशेने चालली होती, ती तेवढी चालत राहिली.

"कुणी सांगितलं?" नवसाबाईंनी विचारलं.

"पत्र आलं होतं."

"कधी?"

"मागच्या महिन्यात."

महेश उठला, अंगणात गेला, मोटारसायकलजवळ उभा राहिला आणि परत आला. "आजी," तो म्हणाला, "ती आत्ता लंडनला उतरलीय ना? म्हणजे एका अर्थी पोचलीच. तिचं विमान उडायच्या आत झाडून घेऊ."

"वणीच्या स्टँडवर गाडी थांबली म्हंजी कळवण आलं का रं?"

"पण आजी, चार स्थळं गेलीयत माझी."

"माहितीय मला. पर बहीण एकच हाय तुला."

महेश पुन्हा ताटावर बसला. नवसाबाईंनी उरलेलं ताक एका घोटात संपवलं.

हाताने वेचलेलं चालतं, असा निवाडा झाला. शुभांगी, नवसाबाई आणि खंडेराव खाली बसून वेचू लागले. मुरमुरे उचलले जात होते, थर्माकोलचे दाणे मात्र उचलले जाण्याऐवजी माणसांना चिकटत होते. ते हाताला चिकटले, हातावरून साडीला, साडीवरून सोफ्याला. खंडेरावांच्या चष्म्यावर एक दाणा बसला. तो निघेपर्यंत त्यांना सगळीकडे बर्फ दिसत होता. तीन वाजले तरी बैठकीचा एकच कोपरा झाला होता.

"आजी, वारं चालेल का?" महेशने विचारलं.

"कसलं वारं?"

"नुसतं वारं. झाडू नाही, फडकं नाही."

नवसाबाईंनी विचार केला. "वाऱ्याला कोण नाय म्हणतंय? ते काय इचारून येतं का?"

महेशने माळ्यावरून हातात धरायचा विजेचा ब्लोअर काढला. कारखान्यात मशिनीवरचा कीस उडवायला तसले असतात. घरचा हा त्याने मोटारसायकलच्या साखळीसाठी घेतला होता. बेत चांगला होता. पुढचं दार सताड उघडायचं, मागच्या भिंतीपासून सुरुवात करायची आणि सगळं अंगणात काढायचं. खंडेरावांना दाराशी उभं केलं. बाहेरून कुणी आलं तर ओरडायचं, एवढंच त्यांचं काम होतं.

ब्लोअर सुरू झाला आणि बैठकीतला सगळा कचरा एकदम उठून उभा राहिला. झेंडूच्या पाकळ्या छतापर्यंत गेल्या, थर्माकोल त्यांच्यामागून गेला, आणि मग हा थवा खरोखरच दाराकडे निघाला. महेश तो पुढे हाकत होता. त्याच्या चेहऱ्यावर बऱ्याच तासांनी समाधान होतं.

कळवणची माणसं मात्र वेळेच्या तासभर आधीच आली होती. फाटक उघडून तिघं आत शिरताना खंडेरावांना दिसली. ते ओरडले. निदान त्यांना तसं वाटलं. पण शेजारच्या वाचकाला त्रास होऊ नये अशा आवाजात ज्याने उभी नोकरी काढली, त्याचं ओरडणं ब्लोअरपुढे किती टिकणार?

"अरे, महेश... जरा... थांबतोस का?" ते म्हणाले.

सगळ्यात पुढे यादवरावांची थोरली बहीण चिमणाबाई होती. तिच्या मागे यादवराव, आणि त्यांच्या मागे गाडीची किल्ली हातात फिरवत भाग्यश्रीचे वडील राजू. तिघंही पायरीवर आली आणि दारातून पिवळ्या-केशरी पाकळ्यांचा लोट त्यांच्या अंगावर आला. मागोमाग मुरमुरे आले, आणि शेवटी थर्माकोल, हलका असल्यामुळे अगदी सावकाश, डोक्यांवर उतरला.

महेशने ब्लोअर बंद केला. यादवरावांनी टोपीवरची पाकळी हातात घेतली. 

"अहो खंडेराव, एवढं कशाला करायचं! आम्ही काय परके आहोत?"

खंडेरावांना खरं सांगायचं होतं, पण वाक्य कुठून सुरू करावं ते सुचेना. ते नुसते हात जोडून उभे राहिले. चिमणाबाईने केसांतून एक मुरमुरा काढला, डोळ्यांजवळ नेला आणि भावाकडे पाहिलं. ती चिडली की अहिराणीत जायची.

"हाई काय शे?" तिने विचारलं.

पाहुणे आत आले. जो कचरा बाहेर गेला नव्हता तो आता भिंतींवर, देवांच्या तसबिरींमागे आणि पंख्याच्या पात्यांवर होता. शुभांगीने पंखा लावू नये म्हणून महेश बटणाला पाठ लावून उभा राहिला. चहा आला. चिमणाबाईने बसण्याआधी सोफ्यावरच्या पाकळ्या पदराने बाजूला केल्या, पाय मुंग्यांच्या रांगेपासून दूर घेतले आणि सगळी बैठक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजरेखालून घातली.

"घर शेवटचं झाडलं कधी म्हणायचं?" तिने विचारलं.

शुभांगीने खाली पाहिलं. महेशने डोळे मिटले. 'कळवतो' हा शब्द त्याला आताच ऐकू येत होता.

"काल सकाळी," नवसाबाई म्हणाल्या. "नात परदेशी निघाली. पोचली नाय अजून."

चिमणाबाईने कप खाली ठेवला. "निघाली कधी?"

"काल दुपारी."

"मंग शीव तर कालच वलांडली की तिनं. माणसानं गावाची शीव वलांडली की घर झाडायचं. पोचेपर्यंत कुठं असतंय?"

"आमच्याकडं पोचेपर्यंत."

"आमच्याकडं शिवेपर्यंत."

"दोन्हीकडे रीत वेगळी असू शकते," यादवराव म्हणाले.

"तू गप रे!" चिमणाबाई म्हणाली आणि नवसाबाईंकडे वळली. "बाई, शिवेच्या पुढं काय व्हायचं ते आपल्या हातात नसतंय. म्हणून शिवेपर्यंत."

"मंग शिवेच्या पुढं ती आपली नसती का?"

चिमणाबाईने कप उचलून चहा संपवला. हार तिने मानलेली नाही, हे तिच्या जबड्यावरून दिसत होतं. मग तिने विचारलं, "आत्ता कुठं असंल ती?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला खंडेराव इतक्या चपळाईने उठले की घरच्यांना नवल वाटलं. त्यांनी गोल आणि दोरा आणला. यादवरावांचे डोळे चमकले. त्यांनी बत्तीस तुकड्यांना भूगोल शिकवला होता आणि एकाही तुकडीने त्यांना कधी काही विचारलं नव्हतं. ते धोतर सावरून पाकळ्यांत मांडी घालून बसले.

"लंडनवरून म्हणता? मग अंतर वाढलं. धरा तिकडचं टोक."

मुंबई ते लंडन, लंडन ते व्हँकुव्हर, असा दोरा दुमडून मोजला. पंधरा हजारांच्या जवळपास आला.

"मी सरळ धरलं होतं," खंडेराव हळूच म्हणाले. "मध्ये उतरतात हे माझ्या लक्षात आलं नाही."

"मीही सरळच धरलं असतं," यादवराव म्हणाले.

खंडेरावांना हे वाक्य आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी यादवरावांना आणखी एक लाडू दिला.

राजूने फोनवर विमानाचा नकाशा उघडला. मोठ्या निळ्या पाण्यावर एक छोटं पिवळं विमान होतं. सगळे त्याभोवती जमले.

"हे हलत का नाय?" चिमणाबाईने विचारलं.

"हलतंय, आत्या. ताशी नऊशेने."

"दिसत तर नाय."

"आइसलँडच्या जवळ आहे," यादवराव म्हणाले.

"तिथं वस्ती असती का?" नवसाबाईंनी विचारलं.

"असते, पण थोडी."

नवसाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. चिमणाबाई फोन हातात धरून बराच वेळ त्या पिवळ्या ठिपक्याकडे पाहत बसली. महेशचा पगार किती, जमीन किती, घर कुणाच्या नावावर, यांची उत्तरं घरात तयार होती. कुणीही काही विचारलं नाही. अंधार पडायला लागला तसे पाहुणे उठले.

"बरं आहे," यादवराव पायरीवर म्हणाले. "कळवतो."

महेशने मान हलवली. हे पाचवं स्थळ होतं.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा शुभांगी म्हणाली, "आई, पल्लवी पहाटे पोचली की सकाळी उठल्याबरोबर झाडून घेते."

"आन् ही माणसं?"

"ही तर पाहुणी."

"आपल्याच उंबऱ्यातून निघाली ना? सोयरीक व्हायची आसंल तर आत्तापासून आपलीच धरायची. दोन-अडीच तासांचा रस्ता, जेवायच्या वक्ताला पोचतील."

सकाळपर्यंत या रीतीला मनात हसणाऱ्या महेशने झाडू स्वतः उचलला आणि कुणाचा चुकून हात लागू नये म्हणून कपाटावर ठेवला.

सोमवारी सकाळी पल्लवीचा फोन आला. ती पोचली होती, खोली मिळाली होती, बाहेर थंडी होती आणि चटणी नेली असती तर बरं झालं असतं. नवसाबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मग पल्लवीने फोनच्या पडद्यावर बैठक पाहिली.

"आई, हे काय? घर अजून तसंच? मी पोचले की!"

"तू पोचलीस गं," शुभांगी म्हणाली. "कळवण पोचायचंय अजून."

राजूचा फोन लागत नव्हता. रात्री लागला नाही, सकाळीही लागला नाही. खंडेरावांनी कळवणचं अंतर काढायला नकाशा उघडला आणि नवसाबाईंनी तो मिटला. शेवटी महेश फोन घेऊन परसात गेला. भाग्यश्रीचा नंबर त्याच्याकडे होता, पण तिच्या आजोबांचं फोनबद्दलचं मत माहीत असल्याने त्याने तो कधी लावला नव्हता.

"हॅलो, मी महेश. नाशिकचा."

"माहितीये. बोला ना."

"तुमचे आजोबा पोचले का घरी?"

"नाही. दिंडोरीला मामाकडे राहिले रात्री. का हो?"

"नाही, म्हणजे... आमचं घर झाडायचं राहिलंय."

 "काय राहिलंय?"

महेशने सगळं सांगितलं. लंडन सांगितलं, ब्लोअर सांगितला, तिच्या आत्याआजीच्या केसांतला मुरमुराही सांगितला. तिचं हसणं फोनमधून बाहेर येऊन कोथिंबिरीच्या वाफ्यापर्यंत ऐकू गेलं. तिथे भारत पाणी देत होता. त्याने काय झालं म्हणून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

दुपारी महेशने परत फोन लावला. "पोचले?"

"नाही हो. चिमणाआत्या म्हणाली, वणीवरून जातोय तर गडावर देवीचं दर्शन घेऊन येऊ. तुमचा कचरा कसा आहे?"

"आहे. मुंग्यांनी निम्मा नेला."

चार वाजता त्याने पुन्हा लावला. ती म्हणाली की गडावर रेंज नसते, त्यामुळे तिलाही काही कळत नाही, पण त्याने विचारत राहावं. तो विचारत राहिला. मंडळी पोचल्याचं तिने सांगितलं तेव्हा दिवस मावळला होता. ही बातमी सांगायला एक मिनिट पुरलं असतं. त्यांना पाऊण तास लागला.

"पोचले!" महेशने आत येऊन सांगितलं. शुभांगी कपाटाकडे धावली.

"आत्ता?" नवसाबाई निरांजन लावत होत्या. "दिवेलागणीला झाडू? लक्षुमी बाहेर काढायचीय का घरातली?"

घर मंगळवारी सकाळी झाडलं.

यादवरावांचं पत्र त्याच आठवड्यात आलं. या वेळी खंडेरावांनी ते लपवलं नाही, कारण ते नवसाबाईंनीच पोस्टमनच्या हातून घेतलं होतं. खंडेरावांनी सगळ्यांसमोर वाचलं :

'आपण केलेल्या पुष्पवृष्टीने आम्ही संकोचलो. घर व माणसे पसंत आहेत. तथापि आमच्या चिमणाआक्कांचे मत असे पडले की, झाडण्याच्या बाबतीत आपल्या घरी फार चुकीची समजूत रुजलेली आहे, व ती सुधारण्यासाठी आमचे एखादे माणूस तिथे कायमचे असणे इष्ट आहे. तरी आमचा होकार समजावा. आपला होकार उलट टपाली कळवावा. या वेळी न कळविल्यास संमती समजली जाणार नाही.'

महेशने शेवटचं वाक्य दोनदा वाचायला लावलं. मग त्याने बाजारातून पोस्टकार्डं आणली, एकदम दहा, आणि आजोबांसमोर ठेवली.

"होकार लिहा," नवसाबाई शेजारी बसत म्हणाल्या.

"नुसता होकार रुक्ष वाटतो. आधी कुशल विचारावं का?"

"लग्नात इचारा."

"'आनंद झाला' की 'अत्यानंद झाला'?"

"आबा," महेश म्हणाला, "काहीही झाला म्हणा."

सहा कार्डं वाया गेली. सातव्यावर खंडेरावांनी लिहिलं, 'आमचा होकार आहे.' पुढे 'चूकभूल द्यावी घ्यावी' लिहिण्यासाठी पेन टेकवलं, तेव्हा नवसाबाईंनी कार्ड ओढून घेतलं. पत्ता त्यांनी मनात अक्षरं जुळवत स्वतः तपासला, पायात चपला घातल्या आणि नवऱ्याला पुढे घालून पोस्टाच्या पेटीपर्यंत नेलं. वाटेत खंडेराव दोनदा थांबले. दोन्ही वेळा त्याही मागे उभ्या राहिल्या.

कार्ड पेटीत पडलं. आत आवाजही झाला. मग खंडेरावांचा चेहरा उतरला.

"सही राहिली," ते म्हणाले.

"राहू द्या."

"अगं, पण कुणी पाठवलं हे त्यांना कळणार कसं?"

"कळतंय. एवढं घाबरत घाबरत हो म्हणणारं दुसरं कोण हाय नाशकात?"

त्या घराकडे चालू लागल्या. खंडेरावांनी आजूबाजूला पाहिलं, रस्त्यावर कुणी नाही अशी खात्री केली आणि पेटीच्या फटीतून दोन बोटं आत घालून पाहिली. कार्ड हाताला लागलं नाही.